बी.एड.च्या फाइलमध्ये ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ लिहायचंय, पण डावा आणि उजवा आडवे आलेत

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू आहे. मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) गणित-विज्ञान. कॉलेजात ‘शिक्षक म्हणून माझे तत्त्वज्ञान’ असं हजार शब्दांचं एक लेखन द्यायचं असतं. मी मनापासून लिहिलं होतं. मूल आधी, गुण नंतर. मला काळजी घेणारी शिक्षिका व्हायचंय. शिक्षण म्हणजे माणूस घडवणं. मार्गदर्शक मॅडमनी पानं परत दिली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘हे मत झाले. प्रसंग आला तर काय कराल ते लिहा.’

प्रसंग त्याच आठवड्यात आला. आठवीची वीस गुणांची घटक चाचणी, बैजिक राशींचे अवयव. गठ्ठा तपासताना एकाच बाकावरच्या दोघांचे पेपर लागोपाठ हाताला लागले. तिसऱ्या उदाहरणात दोघांच्याही मधल्या पदाचं चिन्ह चुकलेलं. तेवढं होऊ शकतं हो. पण उजव्या बाजूला बसणाऱ्याने एक ओळ लिहून खोडली होती, आणि डावीकडच्याने तीच ओळ लिहून, तशीच, दोन आडव्या रेघा मारून खोडली होती!

उजवा वर्गात पहिल्या पाचातला. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, “मॅडम, त्याला दहाच्या खाली मार्क पडले की घरी पट्ट्याने मारतात. म्हणून मी पेपर तिरका ठेवला.”

वर्गाच्या मूळ सरांचं म्हणणं, दोघांना शून्य द्या आणि पालकांना बोलवून घ्या. शाळेत रोज परिपाठात सुविचार, बोधकथा, ‘एकमेकां साहाय्य करू’ सगळं होतं. आणि एक पोरगा खरंच साहाय्य करायला गेला तर आम्ही त्याला शून्य देणार? बरं, नाही द्यायचं तर उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांना काय सांगू?

तुम्ही काय केलं असतं? फाइल पुढच्या सोमवारी द्यायची आहे.

गोंद्या

पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय.

आमच्या बॅचला सगळ्यांचं ‘माझे तत्त्वज्ञान’ एकाच झेरॉक्सवाल्याकडून आलं होतं, वरचं पान तेवढं बदलायचं. एकीच्या फाइलमध्ये आदल्या वर्षीच्या मुलीचं नाव आतल्या पानावर तसंच राहिलं. तिला बी प्लस मिळाला. नीतिमूल्यांवरचं प्रकरण होतं ते.

खडूस_खडू

दोघांना शून्य. विषय संपला.

आता कारण सांगतो, नाहीतर माझ्या आयडीवर घसराल. बावीस वर्षं शिकवतोय. कॉपी करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे एक गोष्ट असते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. पण त्याच वर्गात कोणीतरी रात्री जागून, कोणालाही न विचारता नऊ गुण मिळवलेले असतात. तिची गोष्ट तुम्हाला कोणी येऊन सांगत नाही, कारण तिने काही चुकीचं केलेलं नसतं. जी गोष्ट कानावर आली तिच्यासाठी नियम वाकवायचा आणि जी आली नाही तिच्यासाठी तो सरळ ठेवायचा, याला मी काळजी म्हणत नाही. पक्षपात म्हणतो.

चिंचेखालची

खडूस सर, वर्गातल्या नऊ गुणवालीबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. पण शून्य कशाचं? चाचणी घेतो कशाला, तर मुलाला काय येतं ते कळावं म्हणून. डाव्याला अवयव येतात की नाही हे शून्य दिल्यावर कळलं का? उजव्याला तर येतात, तरी त्याच्या नावापुढे शून्य. म्हणजे गुणपत्रिकेवर दोन्ही आकडे खोटे. मी दोघांची पुन्हा चाचणी घेतली असती. वेगळा पेपर, वेगळे बाक, आणि मिळतील ते गुण खरे.

गोंद्या

चिंचेखालच्या ताईंना +१. खडूस सरांनाही +१. माझं काय जातंय.

दोन_पोरांचा_बाप

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या वेळी गुरुजींनी दोघांनाही दोन-दोन छड्या दिल्या असत्या, दुपारी दोघं एकत्र डबा खात बसले असते. आम्ही मार खाल्ला म्हणूनच घडलो. आजकाल शिक्षकाने डोळे वटारले तरी पालक व्हिडिओ काढतात.

चिंचेखालची

@दोन_पोरांचा_बाप: मार खाऊन घडले ते इथे लिहायला आहेत. मार नको म्हणून शाळा सोडलेले कुठल्या धाग्यावर लिहिणार?

शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम आहे. शारीरिक शिक्षा बंद, मानसिक त्रासही बंद. १ एप्रिल २०१० पासून. तेव्हा ‘दोन छड्या’ हा पर्याय या मुलीपुढे मुळात नाहीच.

दोन_पोरांचा_बाप

मानसिक त्रास बंद? हे वाचून हसू आलं. माझ्या मोठ्या पोराच्या शाळेत (नाव लिहीत नाही, धाकटा अजून तिथेच आहे) फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचली आणि त्यांना मधली सुट्टी होईपर्यंत उभं ठेवलं. सहावीत होता. माझा हप्ता तेव्हा पुढेमागे झाला होता. घरी येऊन म्हणाला, “बाबा, मी काय केलं?” छडीपेक्षा ते जास्त लागलं, मला पण. मारलं असतं तर भांडायला तरी गेलो असतो.

आठवा_तास

तुम्ही स्वतःच्याच मुद्द्याच्या विरुद्ध बाजूने बोलायला लागलात, पण बोललात ते शंभर टक्के खरं. जिने नावं वाचली त्या शिक्षिकेच्या हातात ऑफिसने यादी दिलेली असते. ‘वाचा’ म्हटलं की वाचायची. पाटीपेन्सिल, तुझ्या हजार शब्दांत हा प्रसंग घाल. यादी हातात आल्यावर तू ती वाचणार, की ऑफिसला ‘पालकांना फोन करा, मी मुलांना सांगणार नाही’ म्हणणार? आणि तुझी नोकरी कायम नसेल तर?

निवृत्त_मास्तर

बाळ, तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझी नात तुझ्याच वयाची.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्नच नसतो. पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर खाली कर्नाटकात. वर्ग निम्मा व्हायचा. मागे राहिलेली पोरं म्हातारीपाशी. पुढे हंगामी वसतिगृहं आली, पोरांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेतच झाली, तेव्हा पुष्कळ फरक पडला. त्याच्या आधीचं सांगतो.

चौथीतली एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. म्हातारी रोजानं जायची, घरी कोण नाही. नियमानं त्याला वर्गात बसवता येत नव्हतं. मी त्याला माझ्या खुर्चीशेजारी पोत्यावर बसवायचो, हातात खडूचे तुकडे. तो फरशी रंगवायचा, बहीण भागाकार करायची. एकदा तपासणीला साहेब आले. “हा कोण? पटावर आहे का?” म्हटलं, “नाही साहेब. पण हा आला नाही तर पटावरची येत नाही.” साहेबांनी पुढं विचारलं नाही. शेऱ्यात लिहिलं, ‘वर्ग स्वच्छ ठेवावा.’

पण हेही सांगतो. त्या पोरीला एकही गुण मी फुकट दिला नाही. भागाकार चुकला की परत. रडली तरी परत. भाऊ पोत्यावर बसला म्हणून तिचा भागाकार बरोबर ठरत नाही. आणि भागाकार चुकला म्हणून भाऊ बाहेर जात नाही. या दोन गोष्टी मी कधी एकमेकीत मिसळल्या नाहीत.

आता एक विचारतो. डाव्याच्या घरी कोणी गेलं का?

खडूस_खडू

मास्तर, साष्टांग.

तत्त्वबोका

मास्तरांनी जे केलं त्यावर पुस्तकं आहेत, आणि पाटीपेन्सिलच्या मॅडमना बहुधा त्याचीच दोन वाक्यं हवी असतील, म्हणून थोडं सैद्धांतिक. झोप आली तर पुढच्या प्रतिसादावर जावे.

नैतिक विकास म्हटलं की बी.एड.ला कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पायऱ्या पाठ करून घेतात. हाइन्झची बायको मरायला टेकलीय, औषध परवडत नाही, तो चोरी करील का, हा त्याचा प्रसिद्ध प्रश्न. कोलबर्गचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवरचा होता. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने १९८२ मध्ये नेमकं तिथे बोट ठेवलं. तिने अकरा वर्षांचा एक मुलगा आणि तेवढीच एक मुलगी यांची उत्तरं शेजारी ठेवली. मुलगा गणितासारखा सोडवतो: जीव मोठा, मालमत्ता छोटी, चोरी करावी. मुलगी म्हणते, चोरी नको, पण बायको मरायलाही नको, औषधवाल्याशी बोलून काही मार्ग निघतो का ते बघू. कोलबर्गच्या मोजपट्टीवर ती खालच्या पायरीवर जाते. गिलिगनचं म्हणणं, मुलीला प्रश्न कळला नाही असं नाही. तिने प्रश्नातली माणसं सुटी केली नाहीत, एवढंच.

नेल नॉडिंग्ज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८४ मध्ये हाच धागा शाळेत आणला. बाई आधी कितीतरी वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या आणि घरात दहा मुलं वाढवलेली, त्यामुळे हवेत बोलत नाहीत. त्यांचा सगळ्यात कळीचा मुद्दा: काळजी ही देणाऱ्याच्या मनात असून भागत नाही. घेणाऱ्यापर्यंत ती पोचली, त्याने ती ओळखली, तरच ते नातं पुरं झालं. ‘मी तुमच्या भल्यासाठीच ओरडतो’ म्हणणाऱ्या सरांचा हेतू शुद्ध असेल, पण मुलाला फक्त ओरडणंच ऐकू आलं तर नॉडिंग्जबाई ते अर्धवट समजतात.

शिक्षकाने करायच्या चार गोष्टी त्या सांगतात: स्वतःच्या वागण्यातून दाखवणं, संवाद, मुलांनाच दुसऱ्याची काळजी घ्यायचा सराव देणं, आणि चौथी म्हणजे पुष्टी. ही चौथी तुझ्या कामाची. मूल वाईट वागलं, तर वास्तवाला धरून जो सगळ्यात चांगला हेतू असू शकतो तो त्याला बोलून दाखवायचा. ‘तू मित्राला वाचवायला गेलास हे मला दिसतंय. हा रस्ता चुकला.’ यात ‘वास्तवाला धरून’ महत्त्वाचं. मनाने चांगला हेतू रचून द्यायचा नाही. त्यासाठी मूल ठाऊक असावं लागतं. तू उजव्यापुढे पाच मिनिटं गप्प बसलीस, म्हणून तुला खरा हेतू कळला.

गोंद्या

झोप नाही आली. नोंद घ्यावी.

खडूस_खडू

बोकोबा, छान लिहिलंत, पण माझा मुद्दा तिथेच आहे. ज्याच्यापुढे पाच मिनिटं बसलात त्याची काळजी. शेवटच्या बाकावरची, जी कधी काही करतच नाही, तिच्यापुढे कोण बसणार? पन्नास पोरं, पस्तीस मिनिटांचा तास. काळजी डोळ्यापुढच्या माणसाला मिळते. नियम न दिसणाऱ्यालाही मिळतो. म्हणून मला नियम आवडतो.

तत्त्वबोका

आक्षेप रास्त आहे, आणि नॉडिंग्जवर तो सुरुवातीपासून घेतला गेलाय. त्यांनी नंतर ‘ची काळजी घेणं’ आणि ‘बद्दल काळजी वाटणं’ असा फरक करून न्यायाला दुसऱ्यात जागा दिली. थोडक्यात, न दिसणाऱ्यांसाठी नियम करा, पण असे करा की कोणाला तरी प्रत्यक्ष काळजी घ्यायला वाव राहील. वर्गात पन्नास ऐवजी पस्तीस मुलं असणं, हासुद्धा काळजीचाच नियम.

आठवा_तास

पस्तीस! सहावी ते आठवीला कायद्यात तेच लिहिलंय, पस्तीसला एक शिक्षक. माझ्या आठवीत छपन्न आहेत. कायद्याचं २७वं कलमही वाचा मंडळी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. ही तीन ‘सोडून’ आहेत त्यातच आमचं अर्धं वर्ष जातं.

आणि आता मनातलं बोलते. ‘काळजी घेणारी शिक्षिका’ हे वाक्य सरांच्या फाइलमध्ये कोणी कधी वाचलंय? सर ‘शिस्तप्रिय’, मॅडम ‘मायाळू’. पोराने उलटी केली की बोलावणं मॅडमना. मुलीला पाळी आली की मॅडम. गॅदरिंगच्या साड्या, मॅडम. वर ‘मॅडम म्हणजे दुसरी आईच हो’. आईला पगार नसतो, म्हणून मॅडमलाही कमी चालतो. शिक्षणसेवक म्हणून लागलीस तर तीन वर्षं मानधनावर काढायची. २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला १६,००० केलं, त्याआधी ६,००० होतं. सहा हजारात माया किती द्यायची याचा शासन निर्णय निघालेला नाही.

तर बाई गं, लिहायचं तर असं लिही की काळजी हे शाळेचं काम आहे. माझा स्वभाव आहे असं लिहू नकोस. स्वभाव म्हटलं की फुकट मागतात.

वेल्हाळ

आठवा_तास, टाळ्या! यात एकच भर घालते. आपल्याकडे ‘मुलांवर मायेने जीव लावणारा शिक्षक’ म्हटलं की पहिलं नाव कोणाचं येतं? साने गुरुजींचं. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये, वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. रोज हाताने लिहून छात्रालयाचं दैनिक काढायचे. म्हणजे हे काम पुरुषाने करून शंभर वर्षं होत आली. स्टाफरूममधल्या सरांना सांगायला हरकत नाही.

गोंद्या

आमच्या सरांनी गॅदरिंगच्या साड्या नेसवल्या असत्या तर नऊवारीची पाचवारी झाली असती.

वेल्हाळ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

एडिसनची_काकू

दोन दिवस धागा वाचतेय. कॉपी झाली, शून्य झालं, कोलबर्ग झाले, साड्या झाल्या. पट्ट्याबद्दल मास्तर सोडून कोणीच विचारलं नाही?

मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये मदतनीस शिक्षिका आहे. इथे मुलाला मारहाण होत असल्याची वाजवी शंका आली तर कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, शिक्षकाला तर आहेच. पुरावा गोळा करणं माझं काम नाही. खरं-खोटं ठरवणं माझं काम नाही. ‘कोणाला सांगू नका हं’ असं मुलाने म्हटलं तरी वचन द्यायचं नाही, हे पहिल्याच प्रशिक्षणात सांगतात. ‘मी तुझ्या बाजूने आहे, पण हे मला मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल’ एवढंच म्हणायचं.

तुझ्या सरांनी ‘पालकांना बोलवा’ म्हटलंय. उजव्याचं खरं असेल तर त्या बोलावण्याचा अर्थ काय होतो ते एकदा बघ. शाळेने स्वतः पट्टा काढून हातात दिल्यासारखं आहे ते.

पाटीपेन्सिल

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही.

दोन_पोरांचा_बाप

काकू, अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा. इथे बाप पोराला दोन फटके देणारच. लगेच पोलीस बोलावायचे का?

एडिसनची_काकू

दोन फटके आणि पट्टा यात मी फरक करते, तुम्हीही करत असाल. आणि कायदा तुमच्याकडेही आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५, मुलावर क्रूरता. पालकांनाही लागू होतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

निवृत्त_मास्तर

काकूंचं बरोबर आहे. पण एक अनुभवाचं सांगतो. फोन करायची वेळ असते आणि त्याआधी घरी जायची वेळ असते. हाडाला लागलंय, वळ आहेत, पोर घाबरून घरी जायला तयार नाही, तर फोन तात्काळ. विचार करत बसायचं नाही. पण ‘मारतात’ एवढं दुसऱ्या पोराच्या तोंडून कळलंय, तर आधी बघावं. घाईनं फोन झाला आणि पाठीमागं कोणी उभं राहिलं नाही, तर पोराची शाळा सुटते आणि मार चालूच राहतो. असं एक बघितलंय. फोन करणारे गुरुजी बदली होऊन गेले.

एडिसनची_काकू

मास्तर, ‘आधी बघावं’ चा ‘नंतर बघू’ किती वेळा होतो हेही तुम्ही पाहिलं असेल. पण ‘पाठीमागं उभं राहणं’ हे शंभर वेळा मान्य.

पाटीपेन्सिल

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

मुख्याध्यापिका मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सरांना सांगून पालकांची चिठ्ठी थांबवली. गुणांचं चिंचेखालच्या ताई म्हणाल्या तसं, दोघांची पुन्हा चाचणी. सर नाराज आहेत, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. डावा आईवडिलांकडे राहत नाही. मामाकडे शिकायला ठेवलाय. मारतो तो मामा. आपण सगळे इथे ‘बाप’ धरूनच बोलत होतो.

वर्गशिक्षिका त्याच आळीत राहतात. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिच्या फॉर्मवर सही हवी म्हणून त्या परवा घरी जाऊन आल्या. मामी भेटली, मामा नव्हता. मुलाच्या हातावर काही दिसलं नाही, पण तो पूर्णवेळ दारात उभा होता, आत आला नाही. मामी म्हणाली, “ह्याच्या आईनं पोरगा हातात दिलाय, नापास झाला तर आमचं नाव जाईल.” मामा रविवारी असतो, बाई तेव्हा पुन्हा जाणार आहेत आणि मुख्याध्यापिका बरोबर असतील. तोवर आईला फोन लावायचा प्रयत्न चालू आहे.

खडूस_खडू

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा बहाणा करून घरात शिरलात. नीतिशास्त्राच्या धाग्यावर विचारतो, हे खोटं नाही का?

चिंचेखालची

फॉर्म खरंच भरला तर नाही.

पाटीपेन्सिल

भरला! मामीने सही केली. डावा आता शिष्यवृत्तीला बसतोय, आणि त्याला अवयव येत नाहीत.

तत्त्वबोका

हा नॉडिंग्जबाईंनाही सुचला नसता.

वेल्हाळ

घरी जाण्यावरून डहाणूकडच्या कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली मुलं दिवसा गुरं चारायला जायची, शाळेत कशी येणार? तर शाळाच कुरणावर. कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. ‘मुलं अनियमित आहेत’ असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं.

माझी आत्या डहाणू तालुक्यात नर्स होती, तिच्याकडून हे लहानपणी ऐकलंय. ती म्हणायची, कुरणावरच्या पोरांचे केस विंचरलेले असायचे. आधी आंघोळ, केस, नखं, मग अक्षरं.

दोन_पोरांचा_बाप

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. (मी अजूनही छडीच्या बाजूने आहे, पण एकच.)

आठवा_तास

अर्ध्या छडीपर्यंत आणू तुम्हाला, धागा शंभरीला पोचू द्या.

पाटीपेन्सिल

फाइलचं नवं पान लिहिलंय. पहिला परिच्छेद टाकते, निर्दयपणे तपासा:

‘माझ्या वर्गात मुलाचे गुण आणि मुलाची सुरक्षितता या दोन वेगळ्या नोंदी असतील. गुण कोणाच्याही परिस्थितीमुळे वाढणार किंवा कमी होणार नाहीत. पण एखाद्या आकड्यामुळे मूल घरी जायला घाबरत असेल, तर तो आकडा घरी कसा आणि कोणाच्या हाती पोचतो ही माझी जबाबदारी आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी वर्गात उघड करणार नाही, मात्र त्याला इजा होत असेल तर ती गुप्तही ठेवणार नाही, आणि हे मी त्याला आधीच सांगेन. जी मुले स्वतःहून माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्यापैकी दोघांशी मी रोज आपणहून बोलेन. विद्यार्थ्यांच्या जीवनात मायेची सावली बनून ज्ञानाचा दीप उजळवण्याचा मी प्रयत्न करेन.’

खडूस_खडू

शेवटचं वाक्य उडवा. बाकी ठेवा. ‘दोघांशी रोज’ हे माझ्या शेवटच्या बाकावालीसाठी घातलंत ते कळलं, आभार. पण वेळापत्रकात ते कुठे बसवणार तेही लिहा, परीक्षक विचारतील. मी विचारलं असतं.

आठवा_तास

‘माझी जबाबदारी’ च्या जागी ‘माझी आणि शाळेची’. विसरलीस लगेच.

गोंद्या

सावली आणि दीप एकाच वाक्यात. दीप लागला तर सावली पडणारच म्हणा.

निवृत्त_मास्तर

उजव्याचं काय ठरलं? त्याचं राहूनच गेलं सगळ्यांच्या बोलण्यात.

पाटीपेन्सिल

मास्तर, त्याला सांगितलं की तू का केलंस ते मला समजलं, आणि परीक्षेत पेपर तिरका ठेवणं चालणार नाही. तो म्हणाला, “मग मी काय करायला पाहिजे होतं?” मी म्हटलं, आधी मला येऊन सांगायचं. तर म्हणे, “तुम्ही तर तीन महिन्यांनी जाणार.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गशिक्षिकांशी त्याची गाठ घालून दिली. आता मधल्या सुट्टीत तो डाव्याला अवयव शिकवतोय, स्वतःहून. बोकोबा म्हणतात तो ‘सराव’ बहुतेक.

खडूस_खडू

शिकवू दे, पण दहा मिनिटं. मग त्याला खेळायला सोडा. तो तुमचा बिनपगारी शिक्षणसेवक नव्हे.

आठवा_तास

खडूस सर!! तुम्ही माझ्या पक्षात कधी आलात?

पाटीपेन्सिल

फेरचाचणी मंगळवारी आहे. पेपर मलाच काढायचाय. अवयवांची पुस्तकाबाहेरची सोपी-मध्यम उदाहरणं कोणाकडे असतील तर द्याल का?

खडूस_खडू

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. दोन संच पाठवलेत, एकाच काठिण्याचे, आकडे वेगळे. सहावं उदाहरण उजव्यालाही बहुधा येणार नाही, त्याला दोन गुणांपेक्षा जास्त ठेवू नका. आणि कच्च्या कामाला वेगळा कागद द्या, खोडलेल्या ओळी त्यावर राहतील.